दोन डिस्कची पेटी म्हणजे दोन प्रती नव्हेत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातील छायाचित्रे, चित्रफिती आणि कागदपत्रे एका जागी साठवण्यासाठी नॅस, म्हणजे घरच्या राउटरला जोडून ठेवायची साठवणुकीची पेटी, कशी निवडावी याविषयीचा लेख वाचला. हा विषय मराठी वृत्तपत्राने घेतला याचा मला मनापासून आनंद झाला, कारण लग्नाच्या चित्रफितींपासून शेताच्या सातबाऱ्यापर्यंत आपल्या घराघरांतले सगळे आता डिस्कवर गेले आहे आणि त्याची काळजी कशी घ्यावी हे मराठीत सांगणारे फारसे कोणी नाही. लेखातील प्रोसेसर, मेमरी आणि किमतींची माहिती उपयुक्त होती. मात्र दोन डिस्कची पेटी घेतली की एक बिघडली तरी दुसरी असते, त्यामुळे वेगळा बॅकअप घेण्याची गरज उरत नाही, अशा अर्थाचे जे विधान त्यात आले आहे ते चुकीचे आहे. ते वाचून कोणी खरेदीला निघण्यापूर्वी त्याची दुरुस्ती व्हावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

याच समजुतीपायी आमच्या घरचे जे नुकसान झाले ते आधी सांगतो. माझी आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणत असे. १९८७ साली सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घरात वडिलांनी तिच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर तीन कॅसेटींमध्ये उतरवून घेतल्या होत्या. पुढे मी त्या कॅसेटी संगणकावर घेतल्या, गड्ड्याच्या यात्रेची आणि घरातल्या लग्नांची जुनी छायाचित्रे स्कॅन केली, आणि २०१७ मध्ये दोन डिस्कची एक पेटी आणून हे सगळे तिच्यात ठेवले. दोन्ही डिस्कवर एकच मजकूर लिहिला जातो म्हणून मी निर्धास्त होतो. इतका की, घर बदलताना बुरशी धरलेल्या त्या कॅसेटी टाकून देताना माझा हात अडखळलासुद्धा नाही. २०१९ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाच्या पावसात लाइट चार-पाच वेळा गेली आणि आली, शेवटी आली ती फार जास्त दाबाने आली, आणि पेटीतून जळका वास सुटला. दोन्ही डिस्क एकदमच गेल्या. पुण्यातल्या एका डेटा काढून देणाऱ्या व्यावसायिकाकडे त्या नेल्या. छायाचित्रांचा बराचसा भाग परत मिळाला, परंतु तीनपैकी एकाच कॅसेटीचा आवाज हाती आला. आत्या २००४ मध्येच गेली होती. उरलेल्या दोन कॅसेटींतल्या ओव्या आता कोणाकडेही नाहीत.

त्या पेटीकडून मी जे काम अपेक्षित धरले होते, त्यासाठी ती बनवलेलीच नव्हती. अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या या पद्धतीला रेड म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये सादर केलेल्या शोधनिबंधामुळे हे नाव रूढ झाले. महागड्या एका मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त लहान डिस्क एकत्र वापराव्यात आणि त्यांतली एखादी बंद पडली तरी काम थांबू नये, हा त्यामागचा विचार होता. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या संगणकाला याची नितांत गरज असते. घरात मात्र या सोयीचा अर्थ एवढाच होतो की, एक डिस्क गेली तरी नवी आणून बसवेपर्यंत छायाचित्रे पाहता येतात. सोय चांगली आहे, मी आजही ती वापरतो. परंतु एका डिस्कवर जे लिहिले जाते ते दुसरीवर त्याच क्षणी लिहिले जाते, आणि जे खोडले जाते तेही दुसरीवरून त्याच क्षणी खोडले जाते. नातवंडाने खेळता खेळता फोल्डर उडवले, संगणकात शिरलेल्या खंडणीखोर व्हायरसने फाइलींना कुलूप लावले, चोराने पेटी उचलून नेली, किंवा आमच्यासारखा विजेचा फटका बसला, तर दोन डिस्क असूनही प्रत एकच होती हे त्या दिवशी कळते.

मोठ्या यंत्रणाही या बाबतीत फसतात. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी माहिती केंद्राला आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे साठवणाऱ्या एका यंत्रणेतील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण आकार फार मोठा असल्यामुळे तिची प्रत बाहेर कुठे ठेवलेलीच नव्हती. त्याच महिन्यात आपल्या जिल्ह्यात सीनेला पूर आला आणि नदीकाठच्या गावांत, घरांत पाणी शिरले. अशा वेळी जी प्रत वाचते ती दुसऱ्या गावात, दुसऱ्या छपराखाली असते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकांपुढे मांडलेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो: माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी.

या नियमाचा हिशेब करताना घरोघरी एक चूक होते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. पेटी नवी असताना छायाचित्रे मोबाइलमध्येही असतात आणि पेटीतही, म्हणजे दोन प्रती असतात. काही महिन्यांनी मोबाइल भरतो. ‘पेटीत आहेच की’ असे म्हणून मोबाइलमधली छायाचित्रे आपण खोडतो. त्या क्षणापासून पेटीतली प्रत ही बॅकअप राहत नाही, तीच मूळ प्रत होते आणि ती एकमेव असते. आमच्या नात्यातल्या आणि शेजारच्या पाच-सहा घरांत मी गेल्या काही वर्षांत अशा पेट्या बसवून दिल्या, आणि त्यांतल्या बहुतेक घरांत सहा महिन्यांनी जाऊन पाहिले तेव्हा हेच झालेले होते. म्हणून ‘मोबाइल रिकामा करण्यापूर्वी बाहेरच्या डिस्कवर प्रत घेतली का?’ एवढे वाक्य कागदावर लिहून पेटीवर चिकटवावे, असे मी आता सर्वांना सांगतो.

यावरून खरेदीचा क्रम ठरतो, आणि तो आपल्या लेखातील क्रमाच्या नेमका उलट आहे. हातात ठरावीक रक्कम असेल तर तिच्यातून पहिल्यांदा घराबाहेर ठेवायच्या प्रतीसाठी एक, शक्य असल्यास दोन, एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्याव्यात. त्यानंतर यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर पेटीला बॅटरीवर चालू ठेवणारे यंत्र, घ्यावा. त्यानंतर पेटीत बसवायच्या चांगल्या डिस्क घ्याव्यात, आणि उरलेल्या पैशात जी पेटी येईल ती घ्यावी. लेखात सुचवलेल्या चार डिस्कच्या, वेगवान प्रोसेसरच्या पेटीवर सगळे पैसे खर्च करून बाहेरच्या डिस्कसाठी काही उरत नसेल, तर दोन डिस्कची, किंबहुना एका डिस्कची साधी पेटी आणि सोबत दोन एक्स्टर्नल डिस्क ही मांडणी कितीतरी अधिक सुरक्षित आहे. मी त्याही पुढे जाऊन म्हणेन की, ज्या घरात एकच संगणक आहे आणि सगळी साठवण एका टेराबाइटच्या आत आहे, तिथे नॅस घेण्याची गरजच नाही. दोन एक्स्टर्नल डिस्क आणि दर महिन्याला तासभर बसून प्रत घेण्याची सवय एवढे त्यांना पुरेल. जिथे तीन-चार मोबाइल आहेत, दोन-तीन संगणक आहेत, आणि घरातल्या टीव्हीवर सगळ्यांना एकत्र बसून जुने चित्रण पाहायचे आहे, तिथे मात्र नॅसने खरोखर सोय होते.

किती जागा लागेल याचा अंदाज दुकानात न करता घरी करावा. मोबाइलमधले एक छायाचित्र साधारण ३ ते ४ एमबीचे असते, तेव्हा एक लाख छायाचित्रांना ४०० जीबीच्या आत जागा पुरते. लोकांना वाटते तितकी छायाचित्रे जागा खात नाहीत. जागा जाते ती चित्रणात. लग्नाच्या जुन्या मिनी डीव्ही कॅसेटीचा एक तास जसाच्या तसा उतरवला तर सुमारे १३ जीबी होतो, आणि आजच्या मोबाइलवरचे ४के चित्रण मिनिटाला १७० एमबीपासून साडेतीनशे एमबीपर्यंत जाऊ शकते. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण बंद झाली आणि सगळे मिळून १५ जीबी एवढीच मोफत जागा उरली, तेव्हापासून पुष्कळ कुटुंबे घरच्या साठवणुकीकडे वळली आहेत. या हिशेबाने आजची गरज काढून तिच्या दुप्पट जागा घ्यावी. दोन डिस्क एकमेकींची प्रत म्हणून बसवल्या तर ४ टेराबाइटच्या दोन डिस्कमधून ४ टेराबाइटच मिळतात, आठ नव्हे. आणखी एक खुलासा करतो, कारण यावरून ग्राहक दुकानदाराशी भांडताना मी पाहिले आहेत: ४ टेराबाइटची डिस्क विंडोजवर ३.६३ टेराबाइटच्या आसपास दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. त्यात कोणी फसवत नाही.

आता आपल्या सोलापूरचा म्हणून जो प्रश्न आहे त्याकडे वळतो, कारण परगावचे तज्ज्ञ जे लिहितात त्यात तो येत नाही. घरगुती नॅसच्या माहितीपत्रकात ती ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात वापरावी असे साधारणपणे दिलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, कधी ४३-४४ अंशांपर्यंत जातो, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली संध्याकाळी सातलाही भट्टीसारखी तापलेली असते. अशा खोलीत, टीव्हीच्या खालच्या बंद काचेच्या कपाटात ठेवलेली पेटी कंपनीने घालून दिलेल्या मर्यादेबाहेर महिनोन्‌महिने चालत राहते. उष्णतेने डिस्क किती लवकर जातात याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मध्यम तापमानाचा परिणाम समजुतीपेक्षा कमी दिसला, परंतु फार जास्त तापमानात, विशेषतः तीन वर्षांहून जुन्या डिस्कांच्या बाबतीत, बिघाड वाढलेला आढळला. आपल्या उन्हाळ्यात आपण नेमके त्या टोकाला असतो. म्हणून पेटी तळमजल्यावर, जमिनीपासून हातभर उंच, चारी बाजूंनी हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवावी. ज्यांच्याकडे अजून जाड भिंतींचे माळवदाचे घर आहे त्यांनी ती तिथेच ठेवावी. त्याच्याइतकी थंड जागा दुसरी नाही. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. हवेतून येणारे कापसाचे बारीक तंतू पेटीच्या पंख्याच्या जाळीवर बसून तिचा श्वास कोंडतात, तेव्हा ती जाळी दर पंधरा दिवसांनी मऊ ब्रशने साफ करावी. संगणकावरून उघडणाऱ्या नॅसच्या सेटिंगच्या पानावर प्रत्येक डिस्कचे तापमान दिसते, आणि ठरावीक अंशांच्या वर गेले की सूचना पाठवण्याची सोयही बहुतेक पेट्यांत असते. ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

उष्णतेइतकाच विजेचा प्रश्न आहे. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असे पुष्कळांना वाटते. इन्व्हर्टरवर पंखे-दिवे व्यवस्थित चालतात, परंतु लाइट गेल्यावर भार स्वतःकडे घ्यायला त्याला जो क्षण लागतो, तेवढ्यात नॅस बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकते, आणि त्या वेळी काही लिहिले जात असेल तर ते अर्धवट राहते. पुष्कळ इन्व्हर्टरांना मागच्या बाजूला यूपीएस मोडचे बटण असते. ते निदान त्या स्थितीत ठेवावे. खरा उपाय म्हणजे यूएसबी वायरने नॅसला जोडता येणारा छोटा यूपीएस. बॅटरी संपत आली की तो नॅसला तसे कळवतो आणि नॅस सगळे काम आवरून शिस्तीत बंद होते. दोन डिस्कच्या पेटीला १५ ते २० वॅट एवढीच वीज लागते, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवली तरी महिन्याला साधारण ११ ते १५ युनिट होतात, त्यामुळे लहान यूपीएससुद्धा तिला पुरेसा वेळ देतो. यूपीएसची बॅटरी आपल्या उन्हाळ्यात लवकर कमजोर होते, म्हणून दरवर्षी वळवाच्या आधी, होळीच्या सुमारास, प्लग काढून ती किती वेळ टिकते ते पाहावे. सोबत घराचे अर्थिंग नीट आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्यावे. २०१९ मध्ये आमच्याकडे यूपीएस नव्हता आणि अर्थिंगही तुटलेले निघाले.

डिस्कच्या निवडीत एक गोष्ट अशी आहे की, जी सोलापुरातल्या फार थोड्या दुकानांत कोणी आपणहून सांगते. काही डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या एकमेकींना न झाकता शेजारी शेजारी लिहिलेल्या असतात, त्यांना सीएमआर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात, छपरावर कौले जशी एकीवर एक थोडी चढवून बसवतात, तशा पट्ट्या अंशतः एकीवर एक चढवलेल्या असतात. त्यांना एसएमआर म्हणतात. कौलांच्या छपरातले मधले एक कौल बदलायचे तर आजूबाजूची उचलावी लागतात, तसेच एसएमआर डिस्कवर मधला मजकूर बदलायचा तर शेजारचा पुष्कळसा पुन्हा लिहावा लागतो. नॅसमधली एक डिस्क जाऊन नवी बसवली की तिच्यावर सगळी माहिती सलग भरली जाते. त्या वेळी एसएमआर डिस्क अतिशय मंदावते, कधी पेटी तिला नादुरुस्त समजून बाहेरही काढते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने नॅससाठी म्हणून विकलेल्या आपल्या ‘रेड’ (म्हणजे लाल; वरच्या रेड पद्धतीशी या नावाची गल्लत करू नये) मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्कमध्ये हे तंत्र न सांगता वापरल्याचे उघड झाले. पुढे कंपनीने यादी जाहीर केली आणि सीएमआर डिस्कना रेड प्लस असे वेगळे नाव दिले. आज रेड प्लस, सीगेटची आयर्नवुल्फ किंवा तोशिबाची एन३०० यांपैकी कोणतीही डिस्क पेटीसाठी घेता येते. घराबाहेर ठेवायच्या एक्स्टर्नल डिस्कमध्ये मात्र एसएमआर असले तरी चालते, कारण तिथे महिन्यातून एकदा ओळीने प्रत उतरवायची असते. माझी येथील दुकानदारांना विनंती आहे की, त्यांनी बिलावर नुसते ‘४ टीबी हार्ड डिस्क’ असे न लिहिता डिस्कचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहावा. तो क्रमांक हातात असला तर ग्राहक स्वतः खात्री करून घेऊ शकतो, आणि वॉरंटीच्या वेळीही वाद होत नाही.

पेटी राउटरला वायरने जोडावी, वायफायवर ठेवू नये. वायर जुनी असेल तर ती बदलावी. एक गिगाबिटच्या वेगासाठी वायरीतले आठही तार जोडलेले असावे लागतात. चारच जोडलेले असले की वेग शंभर मेगाबिटवर येतो आणि एक टेराबाइटची पहिली प्रत घ्यायला अडीच तासांऐवजी संपूर्ण दिवस लागतो. काही राउटरांची पोर्टच शंभर मेगाबिटची असतात, हेही आधी पाहावे.

टीव्हीवर पाहण्याच्या सोयीविषयी लेखात महागड्या प्रोसेसरचा आग्रह धरला आहे, तो मला सर्वांसाठी पटत नाही. टीव्हीला फाइल जशीच्या तशी वाजवता आली तर नॅसला फक्त ती पुरवायची असते आणि सर्वांत साधा प्रोसेसरही ते काम सहज करतो. आजचे बहुतेक टीव्ही एच.२६४ आणि एच.२६५ या दोन्ही प्रकारचे चित्रण वाजवतात. फाइल टीव्हीला समजत नसेल, किंवा चित्राच्या स्वरूपातली उपशीर्षके त्यावर उमटवायची असतील, तेव्हाच नॅसला चालू चित्रणाचे रूपांतर करावे लागते आणि तिथे प्रोसेसरची ताकद लागते. आमच्या शेजारच्या तेलुगुभाषक कुटुंबात सुनेला जुने तेलुगू चित्रपट उपशीर्षकांसह पाहायचे असतात. त्यांच्यासाठी इंटेलचा, चित्रण रूपांतराची सोय असलेला प्रोसेसर घेणे योग्य ठरले. आमच्या घरी त्याची गरज पडली नाही. कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर मात्र विसंबू नये. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजी कंपनीने २०२४ मध्ये आपल्या प्रणालीच्या नव्या आवृत्तीतून व्हिडिओ स्टेशन हे चित्रण पाहण्याचे ॲप काढून टाकले आणि ज्यांनी त्यात वर्षानुवर्षे याद्या लावल्या होत्या त्यांना दुसरी वाट धरावी लागली. याच कंपनीने २०२५ च्या काही पेट्यांत स्वतः मान्य केलेल्याच डिस्क वापरण्याची अट घातली होती, ती ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच वर्षी सैल केली. म्हणून साध्या फोल्डरांत, सरळ नावांनी फाइली ठेवाव्यात आणि टीव्हीवर चित्रण पाहण्यासाठी जेलिफिनसारखे मुक्त सॉफ्टवेअर वापरावे. उद्या पेटी बदलली तरी फोल्डर तेच राहतात.

बाहेरगावाहून पेटी उघडता यावी, असे पुण्या-मुंबईला शिकणाऱ्या मुलांचे पालक हमखास म्हणतात. त्यासाठी राउटरमधून पेटीकडे थेट वाट उघडून देणे धोक्याचे आहे. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने अशाच उघड्या राहिलेल्या क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांना कुलूप लावून प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या पेट्या दूरवरून पुसल्या गेल्या. त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे २०१५ मध्येच थांबले होते, तरी लोक त्या इंटरनेटला जोडून वापरतच होते. बाहेरून पाहायचेच असेल तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधून, म्हणजे फक्त आपल्यालाच उघडता येणाऱ्या बंदिस्त वाटेने, पाहावे, आणि कंपनीने ज्या पेटीला दुरुस्त्या देणे थांबवले आहे ती इंटरनेटपासून तोडावी. पेटी घेण्यापूर्वी त्या मॉडेलला किती वर्षे दुरुस्त्या मिळणार हे विचारणे, ती किती वेगवान आहे हे विचारण्याइतकेच आवश्यक आहे.

पेटीत स्नॅपशॉटची, म्हणजे फाइलींची त्या त्या वेळची स्थिती नोंदवून ठेवण्याची, सोय असेल तर ती जरूर घ्यावी, कारण चुकून खोडलेले फोल्डर त्यातून कालच्या किंवा गेल्या आठवड्याच्या स्थितीत परत आणता येते. परंतु स्नॅपशॉटही त्याच डिस्कवर असतात, म्हणून ते बाहेरच्या प्रतीची जागा घेऊ शकत नाहीत. बाहेरची प्रत इंटरनेटवरून पाठवायची असेल तर वेळेचा हिशेब करावा: अपलोडचा वेग ३० मेगाबिट असेल तर एक टेराबाइट जायला तीन दिवसांहून अधिक लागतात. पहिली प्रत डिस्कवर घेऊन हाताने पोहोचवणेच बरे.

आणि प्रत घेतली म्हणजे झाले, असे नव्हे. वर्षातून एकदा त्या प्रतीतून काही फोल्डर दुसऱ्या संगणकावर उतरवून, उघडून, शेवटपर्यंत वाजवून पाहावेत. डिस्कला कुलूप लावले असेल तर त्याचा पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असावा आणि वहीत लिहिलेला असावा. आमच्या ओळखीच्या एका घरी वडील अचानक गेले. त्यांनी सगळे नीट साठवून ठेवले होते, तीन प्रती होत्या, परंतु पासवर्ड त्यांच्यासोबतच गेला.

आमच्या घरी आता तळमजल्यावर दोन डिस्कची पेटी आहे, तिला यूपीएस आहे, आणि दोन एक्स्टर्नल डिस्क आहेत. त्यांतली एक माझ्या धाकट्या बहिणीकडे बार्शीला असते. दर दोन महिन्यांनी मी एसटीने बार्शीला जातो, नवी प्रत तिच्याकडे ठेवतो आणि जुनी घेऊन परततो. गेल्या खेपेला तिच्या संगणकावर डिस्क तपासताना आत्याच्या वाचलेल्या कॅसेटीचा आवाज लावला, तेव्हा बहिणीला त्यातल्या दोन ओव्यांची पुढची कडवी आठवली. हरवलेल्या कॅसेटींतली ती असावीत. मी ती तिच्याच आवाजात मोबाइलवर उतरवून घेतली आणि निघण्यापूर्वी दोन्ही डिस्कवर चढवली.

पुरवणीतील त्या विधानाची दुरुस्ती आपण त्याच पुरवणीत, त्याच जागी प्रसिद्ध करावी, ही नम्र विनंती. त्यासोबत ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी अजून पडून आहेत त्यांनी त्या संगणकावर उतरवल्यानंतरही टाकून देऊ नयेत, एवढे माझ्या वतीने छापावे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
विजापूर रस्ता, सोलापूर